ओळी सरळ करण्याचे काम

सोमवार, १ जुलै

आज सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोहोचलो, खुर्चीत बसून डोळे मिटले, देवाचे नाव घेतले आणि बटण दाबले. क्षणभर काहीच झाले नाही. मग आमच्या प्रोग्रॅमच्या हजारो ओळी पडद्यावरून सरसर वर गेल्या आणि एका शिस्तीत उभ्या राहिल्या. गावची शाळा आठवली. प्रार्थनेच्या वेळी मास्तरांनी नुसते खाकरले तरी वाकड्यातिकड्या रांगा अशाच सरळ व्हायच्या. डोळे भरून आले. कोड बघून रडणारी माणसे पुष्कळ असतील, पण आनंदाने रडणारा बहुधा मी एकटाच.

हे काम साहेबांनी माझ्यावर सोपवले. आम्ही मोजकी माणसे औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आतली ओळ सुरू करताना कोणी दोन जागा सोडतो, कोणी चार. कोणी कंस ओळीच्या शेवटी टाकतो, कोणी खालच्या ओळीवर. एकाने दुसऱ्याची फाइल उघडून नुसती साठवली तरी त्याचा एडिटर, म्हणजे कोड लिहायचे साधन, सगळे आपल्या पद्धतीने मांडून ठेवतो. मग खरा बदल कुठला आणि नुसती हलवाहलव कुठली, हे शोधण्यात दिवस जातो. म्हणून सगळ्यांच्या एडिटरनी एकाच सेटिंगच्या फाइलीप्रमाणे वागायचे ठरले. ती फाइल मी लिहिली. आतल्या ओळीला चार मोकळ्या जागा, स्पेसचे बटण वापरून. एका दाबात ओळ आत ढकलणारे टॅबचे बटण नाही.

टॅबच्या बाजूने फक्त ताई बोलल्या होत्या. त्या खिडकीपाशी बसतात; नोकरीत माझ्या खालोखाल जुन्या. बैठकीत म्हणाल्या, "टॅब राहू द्या ना. म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या पडद्यावर तो हवा तेवढा रुंद-अरुंद करून घ्यावा." त्यावर मी शिस्त या विषयावर बोललो. फारच चांगला बोललो असणार, कारण नंतर कोणी तोंडच उघडले नाही.

तर आज दहा वाजता माणसे आली. पहिली आरोळी वकिलाची. हा खरा वकील नव्हे. कुठल्याही प्रश्नावर दोन्ही बाजूंनी भांडतो म्हणून ते नाव पडले.

"गुरुजी, माझं आठवडाभराचं काम कुठंय?"

मला इथे गुरुजी म्हणतात. मी ते आदराने म्हणतात असे धरून चालतो.

"आहे तिथंच आहे. फक्त सरळ केलंय."

"मला माझं वाकडंच परत द्या! माझ्या अर्धवट ओळी आणि तुमच्या सरळ ओळी, दोन्हींची टक्कर झालीय. आता यातली कुठली कुणाची?"

सगळ्यांचेच अर्धे लिहिलेले काम माझ्या शिस्तीवर येऊन आदळले होते. बटण दाबण्याआधी माणसांना सांगावे, हे मला सुचले नाही. देवाला तेवढे सांगितले होते.

मंगळवार, २ जुलै

नवी भानगड. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीसमोर तिला शेवटचा हात लावणाऱ्याचे नाव दिसते. काल मी सगळ्याच ओळींना हात लावला. त्यामुळे आजपासून या प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ, आणि म्हणून प्रत्येक चूक, माझी आहे.

सकाळीच एका दुकानाची तक्रार आली की मुदत संपलेले औषध यादीत ताजे दिसते. ओळ शोधली. समोर माझे नाव. "मी फक्त जागा सोडली हो," मी म्हणालो. वकील म्हणाला, "प्रत्येक आरोपी असंच म्हणतो."

दुपारी साहेबांनी बोलावले. पडद्यावर एक टीप होती: ‘हे का चालते ते देवालाच ठाऊक. कृपा करून हात लावू नका.’ समोर माझे नाव.

"गुरुजी, तुमची श्रद्धा मला माहीत आहे," साहेब म्हणाले, "पण ती कोडमध्ये आणू नका."

ती टीप वकिलाची. मी सांगितले नाही. त्यागाचे समाधान संध्याकाळपर्यंत पुरले.

शुक्रवार, ५ जुलै

ताईंच्या फाइली अजून टॅबमध्येच येतात. सगळ्यांनी सेटिंग स्वीकारली, त्यांनी नाही. मी दोनदा सौम्य शब्दांत सांगितले. "हो, करते," म्हणतात, आणि एखादी फाइल पुन्हा टॅबने भरलेली निघते. हट्टी माणूस बोलून दाखवत नाही, करून दाखवतो.

म्हणून आज दारावर पहारेकरी बसवला. पहारेकरी म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. नियमात न बसणारी फाइल तो आपोआप परत पाठवतो. परत पाठवताना काय निरोप द्यायचा, यावर मी बराच विचार केला. अखेर लिहिले: ‘ओळ सरळ तर मन सरळ. कृपया फाइल नीट करून पुन्हा पाठवावी.’

घरी हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, "एवढ्याशा कारणासाठी सुविचार? तुम्हाला शाळेतच ठेवून घ्यायला हवं होतं."

वर्तमानपत्राची छपाई अलीकडे फार पुसट होत चालली आहे. हात कितीही लांब केला तरी अक्षर नीट लागत नाही. कुठल्याच धंद्यात शिस्त राहिली नाही, हेच खरे.

मंगळवार, ९ जुलै

पहारेकरी चोख काम करतो. दुर्दैवाने त्याचे गिऱ्हाईक एकच. ताईंच्या फाइली आज इतक्या वेळा परत गेल्या की त्यांच्या मनाला सरळ व्हायला बराच वाव मिळाला असणार.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. वकील आपली खुर्ची सोडून सारखा त्यांच्याशेजारी असतो आणि त्यांच्या पडद्यावरचे मोठ्याने वाचतो. "कंस उघडला, मात्रा गुणिले वजन, कंस बंद." एखादे स्तोत्र म्हणावे तसे. त्या ऐकतात आणि लिहितात. ऑफिस आहे की पारायणाचा मंडप? दोघांचे काम मागे पडते आहे, ते उगीच नाही.

साहेबांना सांगून वकिलाची जागा दुसऱ्या टोकाला, छपाईच्या यंत्राजवळ हलवली. ताईंना म्हटले, "आता एकाग्रता होईल."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांचे हे ‘बरं’ मला ओळीत न बसणारे वाटले.

शुक्रवार, १२ जुलै

ताई माझ्यावर रुसल्या आहेत. आज जिन्याजवळ मी हात जोडून उभा होतो. त्या कठडा धरून, एकेक पायरी जोखत आल्या आणि माझ्याकडे बघत बघत पुढे निघून गेल्या. अहंकार भल्याभल्यांना सोडत नाही. मी मात्र पाठीमागून पुन्हा एकदा नमस्कार केला, म्हणजे माझ्या नम्रतेबद्दल शंका नको.

मंगळवार, १६ जुलै

साहेबांनी दार लावून घेतले, तेव्हाच समजलो की कोणाचे तरी काही खरे नाही.

"ताईंचा वेग फार कमी झालाय," ते म्हणाले. "त्यांना फोनवरच्या मदतीला हलवावं म्हणतोय. दुकानदारांचे फोन घ्यायचे, अडचणी सोडवायच्या. आवाज चांगला आहे त्यांचा. तुम्ही जुने आहात. महिनाअखेर तुमचं मत द्या, मी त्याप्रमाणे करीन."

"विचार करून सांगतो."

विचार करतो आहे. रुग्णाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढणारा भाग पूर्ण त्यांनी लिहिलेला. बाकी आमच्या प्रत्येक भागाबद्दल कधी ना कधी तक्रार आली, त्या भागाबद्दल आजवर नाही. माझ्या नजरेसमोर येतात त्या फळ्यावर बाण काढून, हात पांढरे करून, समजावत असलेल्या. फोनवर बसून ‘यंत्र बंद करून पुन्हा चालू करा’ म्हणताना त्या डोळ्यांसमोर येईनात.

पण नियम सगळ्यांना सारखा. एकाला सूट दिली तर नियम कसला? हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिले. दर वेळी सरळच दिसते.

गुरुवार, १८ जुलै

आज एक पुण्यकर्म केले. कोणाला सांगायचे नाही, म्हणून इथे लिहितो.

ताई जेवायला गेल्या होत्या. मनात आले, त्यांच्या एडिटरची सेटिंग आपणच लावून द्यावी. वाद नको, उपकाराची भाषा नको. त्यांच्या खुर्चीत बसलो आणि थक्क झालो. पडद्यावरची अक्षरे दुकानाच्या पाटीएवढी! डावीकडे निम्मा पडदा कोरा, मग तीन शब्द, आणि पुढची ओळ उजव्या कडेबाहेर गेलेली. असल्या बिघडलेल्या पडद्यावर कोणाचा वेग राहणार? सगळ्याचे मूळ इथे होते आणि बिचाऱ्यांच्या लक्षातही आले नव्हते!

अक्षरे सगळ्यांसारखी बारीक केली. एडिटर, पडदा, सगळे नेहमीच्या मापावर आणले. एका फाइलीत मुद्दाम टॅब अरुंद करून ठेवला होता, तोही काढला. पडदा पुसला. कळफलक सरळ केला. आणि गुपचूप जागेवर येऊन बसलो.

त्या आल्या. बसल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. मग पिशवी उचलली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेल्या.

भारावल्या असाव्यात.

सोमवार, २२ जुलै

साहेब प्रसन्न होते. "प्रश्न सुटला, गुरुजी. ताईंनी स्वतःच अर्ज दिला, फोनच्या विभागात पाठवा म्हणून. तुमच्या मताची आता नुसती सही उरली."

सुटका झाल्यासारखे वाटले. पण घरी येईपर्यंत ते टिकले नाही. ही भाजी निवडत होती. मी सहज म्हणून सगळे सांगितले, पुण्यकर्मासकट.

"अक्षरं केवढी होती?" हिने विचारले.

मी बोटांनी दाखवले.

"आणि ती तुम्ही बारीक केलीत."

"नीट केली."

"नमस्कार केलात तेव्हा तुम्ही बोललात का काही?"

"नमस्कार हाताने करतात."

"आणि तो वकील तिला वाचून दाखवायचा, त्याला तुम्ही लांब बसवलंत."

"एकाग्रतेसाठी."

हिने हातातली शेंग खाली ठेवली. "अहो, तिला दिसत नाहीये."

मी म्हणालो, "असं कसं होईल? मला कळलं असतं."

ही काहीच बोलली नाही. संसारात हिने मला पुष्कळ बोल लावले, पण या न बोलण्याइतका एकही लागला नव्हता. देवापुढे बसलो. नाव घेता येईना. जी बाई फाइल सरळ करता करता थकली होती, तिला मी रोज कळवत होतो की तिचे मन वाकडे आहे.

मंगळवार, २३ जुलै

काय बोलायचे ते वाटेत जुळवले होते. चार वाक्ये, सौम्य, एकाखाली एक. ताईंसमोर उभा राहिलो आणि तोंडातून निघाले, "ताई, तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांनी मान किंचित तिरकी करून माझ्या कानाकडे पाहिले. "दिसतं की. कडेचं दिसतं. मधलं पुसल्यासारखं असतं. तुम्हाला चेहरा नसतो, गुरुजी. आवाज असतो. तो मात्र भरपूर असतो."

"गुरुवारी मी..."

"तुम्ही होय? मला वाटलं साफसफाई करणाऱ्यानं चुकून काही दाबलं." त्या हसल्या, पण थोड्या. "अक्षरं मोठी करायचं बटण शोधायलाच आधी अक्षरं मोठी लागतात. दुसऱ्या दिवशी वकिलानं लावून दिलं."

शेजारची खुर्ची ओढून बसलो. वकील गेल्यापासून ती रिकामीच होती. त्यांनी समजावले. त्यांच्यापुढे मी पुन्हा पहिलीत बसलो. अक्षर मोठे केले की माझ्या चार मोकळ्या जागाही तेवढ्याच मोठ्या होतात. ओळ दोन-तीन पायऱ्या आत गेली की निम्मा पडदा त्या मोकळ्या जागाच खातात आणि खरे शब्द बाहेर जातात. टॅब असला तर त्या तो आपल्यापुरता एका अक्षराएवढा करून घेतात. दुसऱ्याच्या पडद्यावर काही फरक पडत नाही. म्हणून त्या माझी फाइल आधी टॅबमध्ये बदलून घेत, काम करत आणि पाठवताना परत स्पेसमध्ये बदलत. कधी विसरत.

"मग बैठकीत सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. टॅब राहू द्या म्हटलं. तुम्ही चहा निवेपर्यंत शिस्तीवर बोललात."

"म्हणजे, डोळ्यांचं."

"ते एकदा सांगितलं की कामाचं कुणी बोलत नाही. डोळ्यांचंच बोलतात. हळू बोलतात, जसं काही कानही गेलेत." त्यांनी पडद्याकडे तोंड वळवले. "डॉक्टर म्हणतात, आता वाढायचं नाही. आहे एवढ्यावर मला काम येतं. आलं असतं."

मी म्हणालो, आत्ता साहेबांना सगळे सांगतो.

"डोळ्यांबद्दल एक शब्द सांगायचा नाही. तुम्हाला टॅब पटला असेल तर टॅब आणा, मी अर्ज मागे घेईन. दया आली असेल तर फोनचा विभाग बरा. तिथं आवाजावर काम चालतं."

बुधवार, २४ जुलै

आज आपल्याच पडद्यावर अक्षरे पाटीएवढी केली आणि दिवसभर चार-चार जागांच्या कोडमध्ये काम करून पाहिले. दुपारपर्यंत एक कंस हरवला, तो सापडेपर्यंत मी हरवलो. संध्याकाळी टॅब लावला, अरुंद केला. ओळी सरकून समोर आल्या. म्हणजे टॅब पटला. यात दया किती आणि पटणे किती, याचा हिशेब देवाकडे असेल. मला लागला नाही.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती लिहायला लाज वाटते. मी सगळ्यांसमोर शिस्तीवर व्याख्यान दिलेला माणूस. आता कारण न सांगता उलटे बोलायचे. वकील काय म्हणेल? साहेब काय म्हणतील? एका बाईची नोकरी तागडीच्या एका पारड्यात आहे, आणि दुसऱ्यात माझे ‘गुरुजी’ हे टोपणनाव. तरी काटा हलताना वेळ घेतो आहे. धन्य माझी.

पडद्यावरची अक्षरे परत बारीक करायची राहूनच गेली. राहू देत. घाई नाही.

शुक्रवार, २६ जुलै

बैठक झाली. उभा राहून सांगितले, "आतल्या ओळीसाठी आपण टॅब घेऊया."

सगळ्यांचे कप बशीत टेकले. मग साहेब म्हणाले, "गुरुजी, मागच्या वेळी तुम्ही टॅबला अनाचार म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. चुकलो."

"कशात?"

"माझ्या डोळ्यांना जे सरळ दिसतं तेच सरळ, असं धरून चाललो. टॅबमध्ये रचना एकच राहते आणि बघणारा आपल्यापुरतं अंतर ठरवतो. नियम मोडत नाही आणि कुणाची अडवणूकही होत नाही."

"हेच तर ताई म्हणाल्या होत्या."

"हो. थोडक्यात म्हणाल्या, म्हणून मला कळलं नाही."

हशा झाला. मी वकिलाकडे पाहिले. वाटले, हा आता फाडून खाणार. तो उठला, गळा साफ केला आणि म्हणाला, "आरोपीनं गुन्हा कबूल केलाय. आमचं काही म्हणणं नाही." पहिल्यांदाच तो एका बाजूने बोलून थांबला.

नंतर साहेबांच्या खोलीत माझे मत दिले. ताई इथेच हव्यात.

"आणि वेग?"

"पहारेकऱ्याची नोंद बघा. त्यांच्या किती फाइली किती वेळा परत गेल्या ते बघा. प्रत्येक वेळी नुसत्या जागांसाठी. आत चूक एकही नाही. वेग त्यांचा गेला नाही, साहेब, मी घेतला."

साहेबांनी नोंद पाहिली. बराच वेळ खाली सरकत गेले. निरोपाचे वाक्य वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी भिंतीवरचे घड्याळ पाहत होतो.

"हे सुविचार तुमचे?"

"माझेच."

"काढा."

सोमवार, २९ जुलै

या वेळी माणसांना आधी सांगितले. ज्याचे जे अर्धे लिहिलेले असेल ते पूर्ण करून आत जमा करा, तोवर मी कशालाही हात लावणार नाही. प्रत्येकाच्या खुर्चीपाशी जाऊन पुन्हा विचारले. वकील म्हणाला, "गुरुजी, लग्नाचं आमंत्रण द्यायला आल्यासारखे फिरताय." त्याला म्हटले, तुझी खुर्ची उचल आणि खिडकीपाशी जा. तो यंत्राजवळून निघाला तो मागे वळून न बघता.

मग सेटिंगच्या फाइलीतला ‘स्पेस’ काढून तिथे ‘टॅब’ लिहिले. पहारेकऱ्याचा निरोप खोडला आणि फक्त लिहिले: ‘या फाइलीची मांडणी ठरल्याप्रमाणे नाही. एका आज्ञेने दुरुस्त होते, अडल्यास विचारा.’ खाली ती आज्ञा दिली. मागची आणि आजची, दोन्ही वेळची साफसफाई ओळींसमोर नावे दाखवताना धरू नये, अशीही नोंद केली. आता ज्याची ओळ त्याच्या नावावर राहील.

आमच्याकडे कोणताही बदल एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने तपासून आत सोडायचा, अशी पद्धत आहे. तपासणाऱ्याच्या जागी मी ताईंचे नाव घातले.

त्यांनी घाई केली नाही. सगळे वाचले. मी जागेवर बसून राहिलो. उठून मागे उभे राहण्याची इच्छा दोन-तीनदा झाली, ती दाबली. एकदा त्यांनी विचारले, "चाचणीच्या फाइली वगळल्यात का?" वगळल्या नव्हत्या, पण त्याही त्याच नियमात येतात हे लिहायचे राहिले होते. लिहून परत पाठवले. त्या पुन्हा वाचू लागल्या. वकील शेजारी बसून आपलेच काम करत होता. त्यांना वाचून दाखवायची गरज पडली नाही.

जेवणानंतर खिडकीकडून हाक आली. "गुरुजी, अर्ज सकाळीच मागे घेतलाय. आणि हे ठीक आहे. सोडू का आत?"

"सोडा," मी म्हणालो.

त्यांनी बदल आत सोडला.